६ फूट ८ इंचांचं बाथरूम: भिंती न हलवता मोकळं कसं करायचं?

उंबरठा

नमस्कार. प्रश्न लांबणार आहे, पण मापं दिल्याशिवाय कुणालाच नीट सांगता येणार नाही, म्हणून सगळं लिहिते.

आमचं बाथरूम ४ फूट ९ इंच रुंद, ६ फूट ८ इंच लांब आणि ८ फूट उंच आहे. आखूड भिंतीत उजव्या अंगाला २८ इंचांचं दार, ते आत उघडतं आणि उजव्या भिंतीला टेकतं. आत शिरलं की डाव्या हाताला आधी बेसिन, मग कमोड, आणि पार टोकाला खिडकीखाली शॉवर. खिडकी लहान, २ फूट बाय दीड फूट, जवळजवळ छताला लागलेली. बेसिनखाली कपाट आहे, २४ इंच रुंद आणि १८ इंच खोल. टाइल्स गडद तपकिरी, ७ फुटांपर्यंत; वरचा एक फूट पांढरा रंग. दिवा एकच, आरशावर.

इतकी वर्षं आम्ही याच बाथरूममध्ये निभावलं. आता बाबा आमच्याकडे राहायला आलेत. त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, हातात काठी असते. पहिल्या आठवड्यात त्यांनी काही म्हटलं नाही. मग एक दिवस मला दिसलं की ते दार लावतच नाहीत. फट ठेवतात आणि फटीत चप्पल अडकवतात. विचारल्यावर म्हणाले, "आत कोंडल्यासारखं होतं गं." ते ऐकल्यापासून मला चैन पडत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर कुणासमोर बाही वर केली नाही, त्याला दार उघडं ठेवून अंघोळ करावी लागते आहे.

सगळं फोडून नव्याने करणं शक्य नाही. पाइप आहेत तिथेच राहतील. कमोडचं पाणी खाली जमिनीत जातं, भिंतीत नाही. एवढ्यात काय काय बदलता येईल? फिकट रंग आणि मोठा आरसा हे सगळेच सांगतात, पण तेवढ्याने खरंच फरक पडतो का?

सकाळचं ऊन

रंगाने फरक पडतो, मी स्वतः पाहिला आहे. पण खर्च करण्याआधी एक करा. जमिनीवर आणि बेसिनवर जे काही ठेवलेलं आहे ते सगळं एका खोक्यात भरून दोन दिवस बाहेर ठेवा. शाम्पूच्या बाटल्या, घासायचा ब्रश, धुण्याच्या कपड्यांची टोपली, सगळं. रोज लागेल तेवढंच परत आत न्या. आमच्याकडे अकरा बाटल्यांपैकी चारच परत गेल्या. आणि तो ७ फुटांवरचा पट्टा फार घात करतो. नजर तिथे अडते आणि छत खाली आल्यासारखं दिसतं.

ओळंबा

मी गेली २२ वर्षं टाइल्सची आणि बाथरूमची कामं करतो आहे. तुमची मापं कागदावर आखून बघितली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाथरूम दोन तऱ्हांनी लहान वाटतं. एक डोळ्यांना, दुसरं अंगाला. रंग, आरसा, दिवा यांनी डोळ्यांचं काम होतं. पण बाबांना जे होतंय ते बरंचसं अंगाचं आहे असं मला वाटतं. कोपर आपटतं, गुडघा घासतो, वळायला जागा नाही, आणि काठी कुठे टेकवायची ते कळत नाही. तिथे कितीही पांढरा रंग द्या, कोंडलेपण जाणार नाही. म्हणून आधी अंगाची जागा सोडवा, मग डोळ्यांची.

पहिला नंबर दाराचा. तुमच्या आखणीत माणूस बेसिनसमोर उभा असताना दार लागूच शकत नाही. आत जायचं, कमोडसमोर सरकायचं, मागे वळून दार ओढायचं, मग परत बेसिनपाशी यायचं. धडधाकट माणसाला हे जाणवत नाही, सवयीने होऊन जातं. काठीवाल्या माणसाला या चार हालचाली म्हणजे चार वेळा तोल सांभाळणं. ते दार लावत नाहीत याचं अर्धं कारण हेच असू शकेल. दार बाहेर उघडणारं करा. बाहेर जागा नसेल तर भिंतीला समांतर सरकणारं करा. याला आणखी एक मोठं कारण आहे: आत कुणी पडलं आणि अंग दाराला टेकलं, तर आत उघडणारं दार बाहेरून ढकलता येत नाही. कडीही बाहेरून नाण्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने फिरवता येते तशी बसवा.

दुसरं ते कपाट. ५७ इंचांच्या रुंदीत १८ इंच कपाटाने खाल्ले तर उरले ३९. त्याच्या जागी १६ इंच रुंद, १२ इंच खोल, भिंतीला टांगलेलं बेसिन घ्या. समोर ४५ इंच मिळतील. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कमोडशेजारची जागा वाढेल. कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत किंवा वस्तूपर्यंत निदान १५ इंच लागतात. तुमच्याकडे मला १४ च दिसतात. म्हणजे बसलं की उजवी मांडी कपाटाच्या कडेला लागत असणार. बेसिन ८ इंचांनी अरुंद झालं की तिथे २२ इंचांपर्यंत होतील. खाली फरशी भिंतीपर्यंत दिसेल, त्याने डोळ्यांनाही जागा मिळते. फरशी जेवढी सलग दिसते तेवढी खोली मोठी वाटते, हा माझा रोजचा अनुभव आहे. बेसिनखाली बाटलीसारखा ट्रॅप (पाणी धरून वास अडवणारा जोड) बसवा, उघडा राहिला तरी नीटनेटका दिसतो.

भिंतीला टांगलेला कमोड सुचवायचा मोह होतो, पण तुमचं पाणी जमिनीत जातं. त्यासाठी पाइप हलवावा लागेल आणि टाकी लपवायला भिंत पुढे घ्यावी लागेल, त्यात ६ ते ८ इंच जातील. तुमच्याकडे नको. जमिनीवरचाच पण आखूड कमोड घ्या, भिंतीपासून २४-२५ इंचांत संपणारा, आणि बाबांसाठी बसण्याची उंची १७ ते १९ इंच असलेला. नेहमीचा साधारण १५ इंचांचा असतो, त्यावरून उठताना गुडघ्यावर फार जोर येतो.

टाइल्स फोडायच्या नसतील तर जुन्यांवर नव्या बसवता येतात. आधी प्रत्येक टाइल लाकडी मुठीने वाजवून बघायची. पोकळ वाजली ती काढायची, खड्डा भरायचा. ८ मिलिमीटरची टाइल आणि ३-४ मिलिमीटर चिकटवणी, दोन्ही बाजू मिळून रुंदीतून साधारण एक इंच जाईल. आणि हे लक्षात ठेवा, कारण इथे भले भले चुकतात: कमोड खरेदी करताना जमिनीतल्या भोकाच्या मध्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर *नव्या* टाइलपासून मोजायचं. जुन्या टाइलपासून मोजलं तर कमोड भिंतीला भिडतो आणि बसत नाही.

टाइल मोठी घ्या, ३०० बाय ६०० मिलिमीटर किंवा त्याहून मोठी, सांधे कमी येतात. ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरायचा मसाला, टाइलच्याच रंगाचं. पांढऱ्या टाइलला काळं ग्राउट भरलं की भिंतीवर चौकटीची वही उघडल्यासारखं होतं. टाइल थेट छतापर्यंत न्या.

उंबरठा

ओळंबा, तुम्ही लिहिलेलं वाचून मी बाबांना न सांगता दोन दिवस नुसतं बघत होते. तुम्ही म्हणता तसंच आहे. दार ओढायला वळताना ते काठी डाव्या हातात घेतात, उजव्या हाताने बेसिनची कड धरतात, आणि मग दारासाठी हातच उरत नाही. हे माझ्या इतक्या दिवसांत लक्षात आलं नव्हतं.

काल एक प्रयोग केला. पुठ्ठ्याचा १६ बाय १२ इंचांचा तुकडा कापून बेसिनच्या उंचीवर भिंतीला चिकटवला, कपाट दोन दिवसांसाठी काढून बाहेर ठेवलं. आणि तपकिरी टाइल्सवर पांढरी चादर टांगली, छतापासून जमिनीपर्यंत, फक्त उजव्या भिंतीवर. मुलगी आत गेली आणि तिथूनच ओरडली, "आई, दिवा बदललास का?" दिवा तोच होता.

दोन शंका. फरशीलाही मोठीच टाइल घ्यायची का? आणि आरसा नक्की किती मोठा?

ओळंबा

चादरीचा प्रयोग फार छान केलात. मी हे आता माझ्या लोकांनाही करून बघायला सांगेन.

फरशीला माझं मत वेगळं आहे. पाणी जाण्याची जाळी कोपऱ्यात किंवा मधोमध असेल तर पाणी चारी बाजूंनी तिकडे यावं लागतं, आणि मोठी टाइल चार दिशांना वाकत नाही. मग ती तिरपी कापावी लागते, कड वर राहते, त्यात पायाचा अंगठा अडकतो. शॉवरच्या भागाला लहान टाइल घ्या, सांधे जास्त म्हणून पकडही चांगली मिळते. किंवा मागच्या भिंतीलगत लांब पट्टीची जाळी बसवा, म्हणजे ढाळ एकाच दिशेने द्यायचा आणि मोठी टाइल चालते. ढाळ मीटरला १ ते २ सेंटीमीटर. तुमच्या शॉवरचा पट्टा २८ इंचांचा, म्हणजे सव्वासातशे मिलिमीटरच्या आतला. त्याला साधारण १ सेंटीमीटर पुरे. शॉवरला उंबरा अजिबात नको. फरशी सलग गेली की बघायला मोकळं आणि बाबांना पाय उचलावा लागत नाही. फरशीची टाइल खरखरीतच हवी. ओल्या जागेसाठी आर १० किंवा आर ११ असा घसरणरोधक दर्जा खोक्यावर छापलेला असतो, तो बघून घ्या.

आरशाबद्दल मी लोकांना एकच सांगतो: आधी समोर काय आहे ते बघा. आरसा समोरची वस्तू दुप्पट करतो. रिकामी भिंत असेल तर रिकामी भिंत दुप्पट, टॉवेलचा ढीग असेल तर ढीग दुप्पट. तुमच्या आरशासमोर उजवी भिंत आहे. तिच्यावरची टॉवेलची दांडी आणि हूक दाराच्या भिंतीवर हलवा. मग बेसिनच्या वर, दाराच्या भिंतीपासून सुरू होणारा २४ ते ३० इंच रुंद आणि छताच्या दिशेने जितका उंच नेता येईल तितका आरसा लावा.

निळी शाई

मी वृद्धांच्या सोयीसाठी घरांत बदल करण्याचं काम करते. ओळंबा यांच्याशी बहुतेक सहमत, पण एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. फरशी, भिंत, कमोड, सगळं एकाच फिकट रंगाचं केलं की फोटोत जागा मोठी दिसते. पण उतारवयात नजर मंदावलेली असते. फरशी कुठे संपली आणि भिंत कुठे सुरू झाली ते समजत नाही, पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा कमोड हरवतो आणि माणूस बसताना अंदाज चुकतो. म्हणून फरशी भिंतीपेक्षा दोन छटा गडद ठेवा. कमोडचं झाकण आणि बैठक वेगळ्या रंगाची घ्या. आधाराची दांडी तर ठळक दिसलीच पाहिजे.

आणि दांडीबद्दल: टॉवेलची दांडी म्हणजे आधाराची दांडी नव्हे. तोल गेला की हात जे दिसेल ते धरतो, आणि टॉवेलची दांडी भिंतीतून उपटून येते. आधाराची दांडी ३३ ते ३६ इंच उंचीवर, सव्वा ते दीड इंच जाडीची, भिंत आणि दांडी यांत दीड इंच अंतर, आणि पक्क्या भिंतीत ठोकलेली. नुसत्या टाइलमध्ये किंवा पोकळ फळीत नाही. निदान ११३ किलो वजन पेलेल अशीच घ्या. जुन्यावर नवी टाइल बसवताय ना, मग स्क्रू दोन्ही थर पार करून भिंतीत पुरेसा खोल जाईल इतका लांब हवा.

ओळंबा

निळी शाई, बरोबर आहे तुमचं. मी फरशी आणि भिंत एकच सुचवणार होतो, ते मागे घेतो. दोन छटांनी जागा काही कमी होत नाही.

दिव्याचं राहिलं. छताला किंवा आरशावर एकच दिवा असला की कोपरे काळे राहतात, आणि काळा कोपरा म्हणजे डोळ्यांच्या हिशेबी तिथे भिंत पुढे आली. तुमच्याकडे शॉवरच्या टोकाला अंधार असणार, कारण माणूस उभा राहिला की आरशावरचा उजेड अडतो. मागच्या भिंतीवर वरून उजेड पडेल असा एक दिवा छताजवळ द्या, पाण्याच्या जागेसाठी आयपी ६५ दर्जाचा, म्हणजे उडालेलं पाणी आत न जाऊ देणारा. प्रकाश ४००० केल्विनच्या आसपास. अगदी निळसर नको, त्वचा आजारी दिसते.

पंखाही बघा. तुमच्या खोलीत साधारण २५३ घनफूट हवा आहे. तासाला आठ वेळा ती बदलायची तर मिनिटाला ३४ घनफूट हवा ओढणारा पंखा लागेल. दाराखाली पाऊण इंच फट ठेवा, नाहीतर पंख्याला ओढायला हवा कुठून मिळणार? दमट, वास धरलेली हवा हीसुद्धा कोंडल्याची भावना देते. बाबांच्या बाबतीत हे नक्की तपासा.

उंबरठा

सात आठवड्यांनी परत आले आहे. काम झालं. काय जमलं आणि काय नाही ते सांगते, म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल.

दार आधी केलं, कारण त्याला टाइल्सची वाट बघायची गरज नव्हती. बाहेर जागा होती, म्हणून बिजागऱ्या आणि चौकटीची पट्टी उलटी करून घेतली. त्याच संध्याकाळी बाबा आत गेले, आणि मी स्वयंपाकघरात असताना कडी सरकल्याचा आवाज आला. बाकी सगळं तेव्हा तसंच होतं, तेच कपाट, तीच तपकिरी भिंत, तोच दिवा. मी गॅस बंद करून तिथेच उभी राहिले. माझ्या डोळ्यांसमोर इतके दिवस रंग आणि आरसे होते, आणि त्यांना अडत होतं ते दार.

मग टाइल्स. वाजवून बघितल्यावर १४ पोकळ निघाल्या, त्यातल्या बऱ्याचशा शॉवरच्या नळाखाली. त्या काढल्यावर मागे ओल दिसली. नळाच्या जोडातून थेंब थेंब झिरपत होतं. नुसता रंग दिला असता तर हे आत तसंच राहिलं असतं. दुरुस्ती, वाळणं आणि वॉटरप्रूफिंग यात नऊ दिवस गेले.

भिंतींना फिकट करड्याकडे झुकणारी पांढरी टाइल, थेट छतापर्यंत. फरशी मातकट, खरखरीत. निळी शाई यांचं ऐकून कमोडची बैठक गडद निळी घेतली. दुकानात ती बघून मला वाटलं होतं की विचित्र दिसेल. आता त्या खोलीत सगळ्यात जास्त मला तीच आवडते. कमोडचं अंतर नव्या टाइलपासूनच मोजलं. आणलेला कमोड बसवताना मागे जेमतेम बोटभर जागा राहिली, जुन्या मापाने घेतला असता तर परतच करावा लागला असता.

चूक एक झाली. उजव्या भिंतीची टाइल चकचकीत घेतली. उजेड जास्त परतेल असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात शॉवरवरचा दिवा तिच्यात ठिपक्यासारखा चमकतो आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत येतो. दिव्याला दुधाळ काचेचं झाकण लावल्यावर त्रास बराच कमी झाला. पण पुन्हा निवडायची वेळ आली तर मी मंद चकाकीची टाइल घेईन.

शॉवरला काच लावली नाही. आमच्या पाण्याने डाग पडतात आणि रोज पुसायला कुणाला वेळ नाही. फिकट, अर्धपारदर्शक पडदा लावला. अंघोळ झाली की तो भिंतीला सारून ठेवतो, म्हणजे दारातून खिडकीपर्यंत नजर सरळ जाते.

कपाटातल्या सामानाचा प्रश्न होता. आरशामागे ५ इंच खोल कपाट केलं, ते कमोडच्या आधीच संपतं. आणि दारावर आतून एक फळी, जिथे महिन्यातून एकदा लागणाऱ्या गोष्टी राहतात. बाकीचं सामान बाथरूमच्या बाहेर गेलं, आणि खरं सांगायचं तर त्याची आठवणही कुणाला येत नाही.

बाबा आता आत आधाराची दांडी धरून स्वतः वळतात. काठी बाहेर दाराशी ठेवतात. काल मला म्हणाले, "खिडकी मोठी केलीस का?" खिडकीला हात लावलेला नाही.

शेवटची एक शंका: आरशाच्या खालच्या कडेला बेसिनचं पाणी उडतं. तिथे काळे डाग पडतात असं ऐकलं आहे. आत्ताच काही करता येईल का?

ओळंबा

आत्ताच करा, डाग पडल्यावर उपाय नाही. पाणी कडेतून मागच्या चकाकीच्या थरात शिरतं आणि तो थर काळा पडतो. कडा पूर्ण कोरड्या करा, एक दिवस बेसिन वापरू नका, आणि खालच्या कडेला आरशासाठीचं न्यूट्रल सिलिकॉन भरा. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन घेऊ नका, ते आरशाचा थर खातं. आरसा बेसिनच्या कडेला टेकलेला असेल तर खाली ३-४ मिलिमीटर फट ठेवून मगच भरा. नळ उघडून पाणी उडतं का तेही बघा. धार बेसिनच्या भोकावर सरळ पडत असेल तर पाणी जास्त उसळतं, जराशी पुढे पडेल असं तोंड फिरवून घ्या.

आणि नळाच्या त्या जोडावर महिनाभराने एकदा कोरडा कागद दाबून बघा. कागद ओला झाला तर लगेच कळेल.

उंबरठा

धार भोकावरच पडते आहे. आजच फिरवून घेते. कागदाचं कॅलेंडरवर लिहून ठेवलं.